डोक्यावरची माती

कुमुदनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माठाचे देठ सोलणं. सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो. मी देठ मोडत होतो, ती सोलत होती. जून देठ मोडला की कट्‌ असा बारीक आवाज होतो आणि सालीचा एक धागा लोंबत राहतो, तो धागा तिनं ओढायचा, असं आमचं वाटून घेतलेलं होतं. बोलणं काही नव्हतं. भांडणही नव्हतं. इतक्या वर्षांनी नवराबायकोनं सकाळी सकाळी बोलायचं काय? मध्येच ती म्हणाली, "अहो, वाफ्यातली," आणि थांबली, कारण गाडी आली. आमच्या रुळांलगतच्या अशोका गार्डन वस्तीत रेल्वेची गाडी आली की बोलणारा थांबतो आणि ती गेली की जिथं थांबला तिथून पुढं बोलतो. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. गाडी गेली. मग ती म्हणाली, "माती बसलीय. विटा वर आल्यात बघा. गल्लीच्या तोंडाशी कुणी तरी पाया खणून राहिलंय, चांगली काळी निघालीय. दोन घमेली आणा." मी म्हणालो, "उद्या आणतो." ती म्हणाली, "उद्या म्हणजे उद्याच. तुमचा उद्या मला माहीत आहे."

दुपारी माठ-भाकरी खाऊन ती आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही. एवढंच. शेजारच्यांनी डॉक्टर आणला, नेहरू नगरहून मुलगी-जावई आले, सूर्य मावळायच्या आत सगळं उरकलं. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. मला त्या मातीबद्दल लिहायचंय. कारण ती कुठून आली हे आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

आम्ही भोपाळला आलो तेव्हा मला मिसरूड फुटायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या आधी येऊन मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. पिपलानीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं तसं त्यांनी आईला आणि मला कऱ्हाडकडच्या गावाहून बोलावून घेतलं. मी आठवीत गटांगळी खाल्ली होती, त्यामुळे गावात ठेवून काही उपयोग नव्हता. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वैपाकघर, मागं न्हाणी, आणि न्हाणीच्या मागं मेंदीच्या कुंपणापर्यंत मोकळी जागा. सगळी क्वार्टरं सारखी, सगळी पिवळी. पहिले कित्येक दिवस मी चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरायचो. आई शिरायची नाही, कारण ती बाहेरच पडायची नाही.

गावात आमच्या घरात सकाळी जात्याचा आवाज, गोठ्यातली घंटा, चुलत्यांची खाकरणी, बायकांची बडबड. इथं पहाटे कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की सायकलींची रांग निघायची, अण्णा त्यात मिसळून जायचे आणि मग संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत आई आणि भिंती. तिला हिंदी येत नव्हतं. भाजीवाला ढकलगाडी घेऊन यायचा, "लौकी, गिलकी, बरबटी" असं ओरडायचा, आणि आई दारामागून मला विचारायची, "दत्या, काय म्हणतोय रं तो?" मला तरी कुठं कळत होतं! एकदा तिनं मला चवळी आणायला पाठवलं, मी दुकानात चवळी मागितली, दुकानदारानं चौलाई म्हणून पालेभाजीची जुडी दिली, आणि मी ती घेऊन आलो. आई हसली. भोपाळमध्ये आल्यावर ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा. म्हणाली, "अरे, हा तर माठ! हितं पण माठ हाय म्हणायचा."

तेव्हापासून तिच्या डोक्यात मागच्या जागेनं घर केलं. येताना तिनं लुगड्याच्या चिंधीत बिया बांधून आणल्या होत्या. माठ, भेंडी, दोडका, मुळा. पण त्या जागेत काही उगवायची सोय नव्हती. क्वार्टरं बांधून झाल्यावर उरलेला सगळा राडारोडा तिथंच दाबलेला, चुना, विटांचे तुकडे, आणि त्याच्याखाली मुरूम. अण्णांनी कुदळ मारली की ती ठणकन वर यायची. शेवटी अण्णा म्हणाले, "खाली जाता येत न्हाई तर वर जाऊ." इकडं तिकडं पडलेल्या मोडक्या विटा मी गोळा करून आणल्या, त्या उभ्या लावून अण्णांनी चौकटी केल्या, जेमतेम वीतभर उंचीच्या. अण्णा फिटरचं काम करायचे तसंच त्यांनी ते केलं, दोरी लावून, कोपरे काटकोनात यायला गुण्या धरून. वाफा कसला, आईच्या मते ती तिजोरीच होती. आत भरायला माती पाहिजे म्हणून अण्णांनी जवळच्या खेड्यातल्या एका माणसाला सांगितलं, आणि एका सकाळी शेणखत कालवलेल्या काळ्या मातीची एक गाडी आमच्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली.

बैलगाडी. बैल पांढरे, उंच शिंगांचे. आई बाहेर आली आणि मी बघतच राहिलो. कुणाशी न बोलणारी माझी आई त्या बैलांशी बोलायला लागली. "आलात का रं माझ्या राजांनो, लांबनं आलात, दमलात." बादलीनं पाणी पाजलं. आत जाऊन हळदीकुंकवाचा करंडा आणला, दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि गुळाचा एकेक खडा चारला. गाडीवान म्हणाला, "अम्मा, आज कौन सा त्योहार है?" आईला कळलं नाही, तिनं त्यालाही गुळाचा खडा दिला. गाडी परत जाताना एका बैलानं शेजारच्यांच्या कुंपणाची मेंदी ओरबाडून तोंडात घातली. तेवढ्यावरून पुढं सगळं झालं.

शेजारी उज्जैनचे लोक राहायचे. मराठीच, पण कित्येक पिढ्या उज्जैनात गेलेल्या. त्यांचं मराठी आम्हाला मजेशीर वाटायचं आणि आमचं त्यांना. त्या घरच्या बाईंना मी उज्जैनच्या काकू म्हणायचो, तेही मनात, कारण बोलणं फार नव्हतं. त्यांना एक मुलगी होती, माझ्याहून थोडी लहान, वेणीला रिबिनी, आणि तोंडाला कुलूप नाही. ती कुमुद. ओळीत आणखी तीन-चार मराठी घरं होती. त्यांच्यातल्या एक बाई पुण्याच्या. त्यांचा नवरा ऑफिसात, त्यामुळे बाकीच्या बायका त्या हसल्या की हसायच्या आणि त्या गप्प झाल्या की गप्प व्हायच्या. या बायका दुपारी एकमेकींकडं जायच्या. आमच्याकडं कुणी येत नव्हतं. आईचं लुगडं नऊवारी, कुंकू रुपयाएवढं, बोलणं गावाकडचं. कुणी अपमान केला नाही. कुणी आलं नाही, एवढंच.

वाफे मात्र वर आले. पाऊस सुरू झाला आणि वीतभर मातीत आईनं काय काय केलं! भेंडीची रोपं गुडघ्यापर्यंत आली, दोडका न्हाणीच्या भिंतीवर चढला. मुळा खाली जायचा, मुरमाला टेकायचा आणि तिथून आडवा वळायचा. उपटला की कोयरीसारखा. अण्णा म्हणायचे, "हा मुळा आपल्यासारखाच, जागा न्हाई तर वाकून ऱ्हातोय." आई मुळा उचलून धुवायला न्यायची. रात्री जेवताना मात्र एकदा तिनं सरळ सांगितलं, "गणपती होईस्तोवर बघते. जमलं तर जमलं. न्हाई तर मला गावाकडं सोडून या. तुमी दोघं ऱ्हावा." अण्णांनी भाकरी मोडली आणि खाल्ली. त्यांना वाटलं बोलून जाईल आणि विसरेल. मला तसं वाटलं नाही. ती गेली तर या पिवळ्या खोल्यांत भोंग्यापासून भोंग्यापर्यंत मी एकटा राहणार होतो, हे मला लख्ख दिसत होतं. शाळेत मला कुणी मित्र नव्हता. मराठी पोरं मला गावंढळ म्हणायची आणि हिंदी पोरं मराठा म्हणायची.

तिच्या मनात गणपतीच का, ते सांगतो. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही तोंडात घालत नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, गहू नाही, ज्वारी नाही. परसात आपल्या हातानं लावलेलं, आपोआप उगवलेलं, तेवढंच. ती एकच भाजी सगळ्या पाल्यांची आणि फळांची मिळून करतात. गावाला प्रत्येकीच्या घरामागं परसू असायचं, अडचण नव्हती. इथं बायका बाजारातून आणायच्या आणि "चालतं" म्हणायच्या. आईनं धीर करून उज्जैनच्या काकूंना सांगितलं की यंदा ऋषीची भाजी माझ्याकडं करू, माझ्या वाफ्यातली आहे, हातानं लावलेली. त्यांनी पुण्याच्या बाईंना सांगितलं. आणि आषाढातल्या एका उघडिपीच्या दुपारी सगळ्या जणी वाफे बघायला आमच्या मागच्या अंगणात आल्या. पहिल्यांदाच. आईनं सकाळपासून तीनदा अंगण झाडलं होतं.

बायका वाकून वाकून बघत होत्या. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "छान ठेवलंयत हो. अगदी सुबक." आई फुलून गेली. लुगड्याच्या पदरानं हात पुसत म्हणाली, "ह्यांची दोरी, पोराच्या इटा आन माझं हात. बैलाचा पाय सुदिक लागला न्हाई." कुंपणापलीकडून कुमुद जांभळं खात उभी होती. जिभेपर्यंत जांभळी झालेली. ती म्हणाली, "पण काकू, माती तर बैलगाडीतच आली ना? मी पाहिली ना. त्या बैलानं आमची मेंदी खाल्ली."

मग पुण्याच्या बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, खरंच हसू आलं त्यांना. "अगं बाई! मग झालंच की बैलाचं!" त्यावर सगळ्या हसल्या. उज्जैनच्या काकूंनी मुलीला "चूप" म्हणून दटावलं, पण त्याही पदराआड हसत होत्या. आई पण हसली, त्यांच्याबरोबर, त्यांच्यासाठी. त्या गेल्यावर ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. मी पाणी नेलं तर म्हणाली, "मी सोता कुकू लावलं रं त्याला. गूळ चारला. आन मीच इसरले."

ही चूक आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकते. बैल आईला परका वाटलाच नाही. तो दारात आला म्हणजे घरातलं कुणी तरी आलं, मग त्याचे कष्ट वेगळे मोजायचे कशाला? मला हे आता वाटतं. तेव्हा मला फक्त कुमुदचा राग आला होता.

आईनं वाफ्यांना पाणी घालणं सोडलं. पाऊस होता म्हणून झाडं जगली. बोलणंही सोडलं. अण्णा म्हणाले, "माती ती माती. बैलानं ओढली काय आन क्रेननं उचलली काय." तिनं पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढून बाहेर ठेवली आणि त्यात एकेक लुगडं घडी करून घालायला लागली. रोज एखादंच. मी शाळेतून आलो की आधी ट्रंक बघायचो, किती भरली. संध्याकाळी ती स्वैपाक करायची, वाढायची, पण वाढताना "आनखी घे" म्हणायची नाही. ते दोन शब्द नसले तर ताटातली भाकरी संपत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता रोज कळतं. मुलगी डबा पाठवते. डब्यात भाजी चांगली असते.

एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, मी सगळ्यांत लहान वाफा रिकामा केला. त्यातली गाडीची माती फावड्यानं उचलून कुंपणाला टाकली, विटा धुतल्या. मग लोखंडी घमेलं घेतलं, आईच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा पिळून चुंबळ केली आणि निघालो. क्वार्टरांची शेवटची ओळ संपली की तेव्हा नुसतं रान होतं, आणि रानात एक नाला. नाल्याच्या काठावर पळसाखाली वर्षानुवर्षं पाला कुजून काळी भुसभुशीत माती झालेली. नांगर तिथं कधी गेला नसणार. घमेलं भरलं, दगडावर ठेवलं, खाली बसून डोक्यावर घेतलं. ओल्या मातीचं ओझं काय असतं ते डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. मान आत शिरते. पाणी झिरपून कानामागून पाठीवर उतरतं. रस्त्यात लोक बघत होते. शाळेतली दोन पोरं सायकलवरून गेली, एक ओरडला, "ओय मराठे, रिक्शा कर ले!" मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर मान हलली असती.

अंगणात आलो आणि पंचाईत कळली. डोक्यावर घ्यायला दगड होता. उतरवायला कुणी नव्हतं. वाफ्यापाशी उभा राहून मी मान पुढं केली आणि घमेलं कलंडलं. निम्मी माती वाफ्यात, निम्मी माझ्या गळ्यात आणि चड्डीत. कुंपणाच्या पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"तू काय करून राहिलास?" कुमुद.

"तुझं काय जातंय?"

"माझं काय जाईल! पण असं सांडत बसला तर दिवाळीपर्यंत नाही भरणार."

"तुझ्यामुळंच झालंय सगळं."

"मी खोटं बोलली का? आला होता ना बैल?"

मी घमेलं उचलून परत नाल्यावर गेलो. परत आलो तेव्हा ती कुंपणाच्या भोकातून आत येऊन वाफ्याशी उभी होती, फ्रॉकला हात पुसत. म्हणाली, "दे इकडे." मी म्हणालो, "घे." तिनं दोन्ही हातांनी घमेल्याच्या कडा धरल्या, मी गुडघे वाकवले, आणि ओझं डोक्यावरून निघून गेलं. ओझं निघून गेलं की माणूस एकदम वर उचलल्यासारखा वाटतो. उभ्या जन्मात तसं हलकं मला दुसऱ्या कशानं वाटलेलं नाही.

दुपारपर्यंत असंच चाललं. मी "घे" म्हणायचो, ती घ्यायची. बाकी आम्ही बोलत नव्हतो. मग ती मध्येच मातीत बोट घालून म्हणाली, "अरे, पण नाल्यावर तर म्हशी येतात. म्हशी चालतात का ऋषीला?"

मी घमेलं तसंच हातात धरून उभा राहिलो. म्हशींचा मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात स्वैपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, खणखणीत, गावाकडं चुलतीला हाक मारायची तसा.

"म्हशीनं काय नांगर वढला का गं? म्हस डुंबती. डुंबण्याला काय कष्ट म्हणत्यात व्हय?"

कित्येक दिवसांनी आई बोलली होती. कुमुद म्हणाली, "मग म्हशीचं चालतं ना काकू?" आई म्हणाली, "चालतंय. आन ती ढेकळं फोड आधी. नुसती उभी काय ऱ्हायलीस?" मग ती स्वतःच बाहेर आली, पदर खोचला, खाली बसली आणि ढेकळं फोडायला लागली. चिंधीतल्या उरलेल्या माठाच्या बिया राखेत कालवून तिनं त्या वाफ्यावर भुरभुरल्या, वरून हात फिरवला. हात फिरवताना जसा पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. माझ्या पाठीवरून काही फिरवला नाही. पण रात्री वाढताना म्हणाली, "आनखी घे. मान दुखत आसंल."

माठ वेळेत आला, लाल, कोवळा. भाजीला तेवढाच होता, आणि न्हाणीच्या पाण्यावर आपोआप उगवलेला अळू. भेंडी, दोडका आईनं तोडले नाहीत, ते बैलाचे. ऋषिपंचमीला तिनं मोठं पातेलं चढवलं आणि दारात रांगोळी काढली. पुण्याच्या बाईंनी निरोप पाठवला, त्यांच्याकडं पाहुणे आले होते. दुसरीला ताप होता. आणखी कुणाचं आणखी काही. आई दाराकडं बघत होती आणि मी ट्रंकेकडं. ती पलंगाखाली परत गेली नव्हती. बऱ्याच उशिरानं उज्जैनच्या काकू आल्या, एकट्या, ओल्या केसांनी, हातात दोन काकड्या. म्हणाल्या, "उशीर झाला ताई, माफ करा. ह्या आमच्या कुंपणावरच्या. आपोआप आल्या आहेत, कुमुदला विचारून खात्री करून घेतली." आई हसली. एवढ्या मोठ्या पातेल्यापाशी दोघीच बसल्या आणि पुन्हा पुन्हा वाढून घेत राहिल्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, "दत्या, ट्रंक आत सरकव. पायात येती."

एका बाईच्या येण्यावर माझी आई भोपाळमध्ये राहिली. शेवटपर्यंत राहिली. हिंदी तिला शेवटपर्यंत आलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. मी त्याच कारखान्यात लागलो. कुमुदशी लग्न झालं, लग्नाआधी मला "अरे" म्हणणारी ती नंतर "अहो" म्हणायला लागली, भांडताना परत "अरे" वर यायची. ऋषिपंचमी तिनं आईच्या हाताखाली धरली. दर उन्हाळ्यात माती बसायची, दर उन्हाळ्यात मी नाल्यावरून दोन घमेली डोक्यावर आणायचो, आणि ती उतरवून घ्यायची. नोकरी संपली, क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा बाई हटून बसली, वाफ्यातली माती इथं ठेवायची नाही. पोत्यात भरली. टेम्पोवाला म्हणाला, "भाभीजी, मिट्टी तो वहाँ भी मिलेगी." ती म्हणाली, "यह सर पर आई हुई मिट्टी है." त्याला काय कळणार! मी तिला म्हणालो, "मग टेम्पोत कशी चालते?" तर म्हणे, "टेम्पोला बैल आहे का?" अशोका गार्डनच्या या घरामागं तेवढीच जागा निघाली, न्हाणीएवढी. तिथं परत विटा उभ्या लावल्या. वीतभर. त्याच मातीतला माठ आम्ही त्या सकाळी सोलत होतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो. मुलगी रडून रडून झोपली होती, जावई खुर्चीतच. मागच्या अंगणात घमेलं भिंतीला टेकवलेलं होतं. वायरवर तिचा हात पुसायचा टॉवेल वाळत होता, त्याची चुंबळ केली. गल्लीच्या तोंडाशी पायाच्या खड्ड्याशेजारी मातीचा ढीग होता, तिनं सांगितला तसा, काळा. राखणीला असलेला माणूस दात घासत होता. म्हणाला, "चाचा, रहने दो. गाड़ी आएगी, घर छोड़ देगी." मी म्हणालो, "नहीं." त्यानं भरून दिलं आणि डोक्यावरही ठेवून दिलं. या वयात मान लवकर आत शिरते. गल्लीत दोघं-तिघं बघत होते, आदल्या संध्याकाळी आमच्याबरोबर स्मशानघाटावर आलेले.

मागच्या अंगणात आलो. वाफ्यापाशी उभा राहिलो, गुडघे थोडे वाकवले आणि म्हणालो, "घे."

गाडी आली. मी ओझं घेऊन तसाच थांबलो. गाडी गेली. मग एक हात भिंतीला धरून खाली बसलो, मान पुढं केली आणि घमेलं कलंडवलं. निम्मी माती वाफ्यात पडली, निम्मी माझ्या अंगावर आणि विटांच्या बाहेर. बाहेरची मी हातानं ओढून आत घेतली. मग दुसरं आणायला गेलो. तिनं दोन सांगितली होती.